भिंतीवरील रेघ

शनिवार पेठेंतील आमच्या घराच्या भिंतीवर पुराची एक रेघ होती. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या दिवसाची ती खूण. १९६२ सालीं पुरें व्हावयाचें काम वर्षभर अलीकडे ओढलें गेलें होतें. पाणी सोडण्याच्या मोरीचा कांहीं भाग सळ्यांवांचून बांधला होता. तरीहि त्या पावसाळ्यांत पाणी अडविलें गेलें. रात्रभर वाळूचीं पोतीं रचणाऱ्या जवानांचे हात चुकले नव्हते; चूक आधींच होऊन गेली होती.

हें ठाऊक असूनहि, पुढें मी एका कारखान्यांत अधिकारी असतांना एका कामगाराचें बोट यंत्रांत गेलें, तेव्हां चौकशीच्या कागदावर मीं लिहिलें, "कामगाराचा निष्काळजीपणा." सलग दुसरी पाळी त्यास मींच दिली होती.

रेघ आतां रंगाखालीं गेली आहे. तो कागद मात्र, माझ्याच अक्षरांतला, मला अजून दिसतो.