माझी साठ रुपयांची सायकल

१९७२ सालीं मी इयत्ता नववींत शिकत होतों. आमचें घर औंधास व शाळा पुणें शहरांत. जाणेंयेणें मिळून रोज पंधरा-सोळा किलोमीटर होई. बसच्या भाड्याचे पैसे वांचतील असा मोठ्या शहाणपणाचा हिशेब मांडून मीं वडिलांपाशीं सायकलीचा हट्ट धरला. तें वर्ष दुष्काळाचें होतें. धान्य महागलें होतें. तरीही दोन महिन्यांनीं त्यांनीं साठ रुपये माझ्या हातीं ठेविले व एवढेंच सांगितलें, "मिस्त्रींना दाखविल्यावांचून घेऊं नकोस."

हे मिस्त्री आमच्या चौकांत तासाच्या भाड्यानें सायकली देत. त्यांच्यापाशीं एक जुनी सायकल पंचेचाळीस रुपयांस विकाऊ होती. कॉटर पिन झिजली आहे, मागच्या चाकास आउट आहे, हे तिचे दोष त्यांनीं आपण होऊनच सांगितले. परंतु त्याच सायकलीवरून पडून गांवांतील निम्मीं मुलें सायकल शिकलीं होतीं! तिच्यावर बसून शाळेंत कोणत्या तोंडानें जावें?

त्याच आठवड्यांत एका अनोळखी गृहस्थाकडे मला काळीभोर, चकचकीत सायकल दिसली. किंमत नेमकी साठ रुपये. मीं परीक्षा केली ती घंटा वाजवून! पावती मागितली नाहीं आणि मिस्त्रींकडेही नेली नाहीं. घरीं मात्र "दाखविली" म्हणून सांगितलें.

सात दिवस मी राजासारखा हिंडलों. आठव्या दिवशीं धाकट्या बहिणीस कॅरिअरवर बसवून विद्यापीठाच्या दारापासून शिवाजीनगरकडे येणारा उतार उतरत होतों. ती मागें हंसत होती. मी पायडल मारणें सोडून वारा खात होतों. एकाएकीं हँडल हातांत हलकें झालें, पुढचें चाक तिरपें गेलें व आम्हीं दोघेंही खडीवर आपटलों. मला खरचटलें. तिच्या हनुवटीस चार टांके पडले. दवाखान्यांत वडील येतांच रडें आवरून ती प्रथम बोलली तें हें: "दादाची चूक नाहीं. मध्यें दगड आला."

सायंकाळीं वडील मोडकी सायकल व मला घेऊन मिस्त्रींकडे गेले. "तुम्हीं पाहिली होती ना?" त्यांनीं विचारलें. मी वडिलांच्या पाठीमागें उभा होतों. मिस्त्रींनीं सायकल उलटी केली. चिमट्याच्या माथ्याशीं जुनी चीर होती. तिजवर पितळेचा डाग देऊन वर रंग फांसलेला होता. त्यांनीं एकवार माझ्याकडे पाहिलें आणि म्हणाले, "माझ्या नजरेंतून सुटलें, साहेब."

त्या रात्रीं मला जेवण गेलें नाहीं. झोपण्यापूर्वीं मीं वडिलांना सर्व सांगितलें. त्यांनीं मारलें नाहीं. "उद्यां रविवार आहे. मिस्त्रींकडे जा," इतकेंच म्हणाले.

गेलों, तों मिस्त्रींनीं कांहीं न बोलतां पाण्याचें घमेलें पुढें सरकविलें. ट्यूब पाण्यांत दाबून बुडबुडे पाहणें, कानशीनें घासणें, सोल्यूशन लावून तें सुकेपर्यंत थांबणें (हें थांबणेंच मला जमेना) असे सहा रविवार गेले. हवेचा टायर १८८८ मध्यें डनलॉप नांवाच्या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीनचाकीवरून शोधून काढला, हें मला पुढें पुस्तकांत वाचावयास मिळालें. पंक्चर मात्र मिस्त्रींनींच शिकविलें. जुनी सायकल घेतांना चाक उचलून फिरवावें म्हणजे आउट दिसतो. पायडलचा दांडा धरून हलवावा म्हणजे कॉटर पिनची दशा कळते. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेंपुढें करावी, हँडलाखालीं खडखडलें तर छर्रे गेले. आणि सांध्यापाशींच तेवढा नवा रंग दिसला तर नखानें खरवडावा, हें सारें त्यांनीं दाखविलें. माझ्या खोटेपणाविषयीं एक अक्षरही काढलें नाहीं.

सहाव्या रविवारीं त्यांनीं एका मोडीतल्या सायकलीचा चिमटा माझ्याकडूनच बसवून घेतला व त्याचे पैसे वडिलांकडून रीतसर घेतले. त्या सायकलीवर मी शाळा संपविली. पुढें बहिणीनें तीवरूनच कॉलेज केलें. तिच्या हनुवटीवरचा व्रण अजून दिसतो. कोणी विचारलें तर ती आजही दगडाचेंच नांव सांगते.