साफ आणि पाक

रमजान आठवड्यावर आला की आमच्या रोह्याच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. पडदे उतरलेले असतात, माळ्यावरचे टोप ओट्यावर आलेले असतात, जानमाजी उन्हात पडलेल्या असतात आणि अम्मी कमरेला ओढणी खोचून घरभर फिरत असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी ती संडास घासायला गेली. आधी तिनं बाजारातलं ॲसिड ओतलं. पिवळा डाग हलला नाही, म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली.

मी बाहेर पेपर वाचत होतो. (हे मुद्दाम सांगतोय, पुढे त्याचा संबंध आहे.) खोकल्याचा आवाज आला, तो थांबेचना. दार ढकललं तर नाकाला असा झटका बसला की माझेच डोळे मिटले. अम्मी भिंतीला धरून उभी होती. तिला अंगणात आणलं, बसवलं, मग रिक्षानं दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, काय काय टाकलं होतं? ऐकल्यावर म्हणाले, ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ईप्रच्या आघाडीवर सैनिकांवर सोडला होता तो हाच वायू.

शेजारी धाटावची एमआयडीसी असल्यामुळे आम्हा रोहेकरांना वायुगळती म्हटलं की कारखाने आठवतात. आमच्या घरातली गळती आमच्या संडासात झाली.

अम्मी बरी झाली, पण पायऱ्या चढताना धाप लागायची. त्या रमजानला तिनं तरावीह खुर्चीवर बसून पढली. आयुष्यात पहिल्यांदा. ती काही बोलली नाही, पण सलाम फेरल्यावर खुर्चीकडे अशी बघायची की मलाच कसंतरी व्हायचं.

एका रात्री मी मोरीखालचं कपाट रिकामं केलं. अकरा बाटल्या निघाल्या. फरशीची वेगळी, काचेची वेगळी, संडासाची निळी, संडासाची पिवळी. दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की आजपासून या घरात सगळं नैसर्गिक. रिठा, लिंबू, सिरका, राख. दादीच्या काळासारखं.

अम्मी हसली. म्हणाली, "राखेनं भांडी घासली आहेस का कधी?"

तिचं माहेर पेण तालुक्यातलं, खाडीकाठचं. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला मिठागरं. घरात बारा माणसं आणि चूल. चुलीतली राख आणि भाताच्या तुसाची राख वेगवेगळ्या डब्यांत ठेवायची. लाकडाची राख तेलकट भांड्यांना, तुसाची राख करपलेल्या बुडाला. यामागचं शास्त्र मी नंतर वाचलं. लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो, तो तेलातुपाला धरतो आणि थोडाफार साबणासारखाच वागतो. तुसाच्या राखेत मुख्यतः सिलिका असते, म्हणजे ती बारीक वाळूसारखी खरवडते. अम्मीला पोटॅश माहीत नव्हतं, पण डबे तिनं कधी चुकवले नाहीत. घासायला नारळाचा काथ्या किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. जिताडा कापून झाला की हाताला चिंचेचा कोळ चोळायचा, आंबटानं माशाचा वास मरतो.

हे सगळं मी मोठ्या कौतुकानं वहीत लिहून घेत होतो. तेव्हा तिनं आपले पंजे पुढे केले. "बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या. राखेनं पडायच्या आणि मिठाच्या हवेनं भरायच्या नाहीत. साबणाची वडी घरात आली तेव्हा माझ्या आईनं दोन रकात शुकराना पढली होती. आता तू म्हणतोस राख आण."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. जुन्या काळाचं कौतुक ज्यांनी भांडी घासली नाहीत त्यांना जास्त असतं, हे त्या दिवशी कळलं. मग आमचं असं ठरलं की नैसर्गिक हवं असेल तर करायचंही मी आणि घासायचंही मी. अट अम्मीनं घातली. माझी बायको शाळेत शिकवते, तिनं त्या अटीला इतक्या तत्परतेनं दुजोरा दिला की मला शंका आली, दोघींचं आधीच बोलणं झालं होतं.

नोकरीनिमित्त मी रोज गाडीनं पेणला जातो. तिथल्या बाजारात एका काष्ठौषधीच्या दुकानातून रिठे आणले. दहाबारा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी पंधरावीस मिनिटं उकळायचे, गार झाले की कुस्करून गाळायचे. पाणी चहासारखं दिसतं. भांडी निघतात, पण फेस बेताचा, आणि आपल्याला फेस दिसल्याशिवाय भांडं निघालं असं वाटतच नाही. पहिले चार दिवस बायको माझी धुतलेली ताटं गुपचूप पुन्हा धुवायची. रिठ्याचं पाणी बाहेर चारपाच दिवसांत आंबतं, फ्रिजमध्ये थोडं जास्त टिकतं. आणि डोळ्यात गेलं तर भयंकर झोंबतं. नैसर्गिक म्हणजे सौम्य, असं कुणी सांगितलं तर त्याला रिठ्याचं पाणी द्यावं.

चुका पुष्कळ झाल्या. सगळ्यात मोठी फरशीची. आमच्या पुढच्या खोलीत अब्बांनी बसवून घेतलेली शहाबादी आहे. मी उत्साहानं बादलीत सिरका ओतून ती पुसली, आठवडाभर. फरशीची झळाळी गेली आणि खिडकीजवळ खडबडीत डाग उठले. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आंबट लागलं की तो विरघळतो. संगमरवराचंही तसंच. ते डाग अजून आहेत. पाहुणे आले की अम्मी सतरंजी बरोबर तिथेच टाकते.

दुसरी चूक जर्मनच्या टोपाची. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घातला की चिकट तेल झटक्यात सुटतं, हे खरं. पण जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, आणि सोडा त्याला खातो. ईदच्या बिर्याणीचा टोप बाहेर आला तो काळाठिक्कर. स्टीलला सोडा चालतो, जर्मनला नाही.

तिसरी गंमत म्हणजे सिरका आणि खायचा सोडा एकत्र करून फसफसवणं. व्हिडिओत फार छान दिसतं. पण आंबट आणि खारं एकमेकांना मारतं आणि शेवटी उरतं ते जवळजवळ खारट पाणी. मोरीच्या जाळीत अडकलेला कचरा त्या बुडबुड्यांनी जरा हलतो, एवढाच फायदा. मी दोन महिने मोठ्या श्रद्धेनं ते केलं.

जमलं तेही सांगतो. नळावर आणि बादल्यांवर बसणारा पांढरा थर लिंबूसतानं जातो, लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे. संडासालाही रात्री तेच टाकून ठेवायचं आणि सकाळी ब्रशनं घासायचं. सिरका आणि पाणी निम्मं निम्मं करून काचा पुसायच्या. तांब्यापितळेला आमसूल किंवा चिंच आणि पेणचं जाडं मीठ: आंबट काळा थर सोडवतं, मीठ घासतं. मात्र आतून कल्हई असेल तर चिंच फक्त बाहेरून लावायची. आत नुसतं रिठ्याचं पाणी आणि मऊ फडकं, नाहीतर कथिलाचा थर लवकर जातो आणि मग कल्हईवाला शोधत फिरा. पूर्वी तो नवसागराचा धूर काढत मोहल्ल्यातच बसायचा.

मग आलं बायोएन्झाइम. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. मी दोन दिवस विसरलो आणि पहाटे बाटली फुटली. बायकोला वाटलं सिलिंडर. नाव एन्झाइमचं असलं तरी आत घडतं ते साधं आहे: गुळाची आधी दारू होते, मग हवेनं त्या दारूचा सिरका. शेवटी हातात येतो तो सालींच्या वासाचा सौम्य सिरका. तो चांगला आहे, पण इंटरनेटवर त्याला जेवढे गुण चिकटवलेत तेवढे त्यात नाहीत.

"दारू" हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि अम्मीचा फडका हातातच राहिला. "हे तू माझ्या नमाजच्या जागेवर पुसणार?"

आता हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्या मसलकात नशा आणणारं द्रव प्यायला हराम तर आहेच, शिवाय ते नापाकही धरलं जातं. कपड्याला लागलं तर कपडा धुवायचा. सिरक्याची हदीसमध्ये तारीफ आहे, त्यावर वाद नाही. पण शराब आपली आपण सिरका झाली तर पाक, आणि तिच्यात काही टाकून मुद्दाम सिरका केला तर शाफई ते मानत नाहीत, हनफी मानतात. मग सालीचं काय? त्या तर पहिल्या दिवसापासून आत आहेत. आणि दोन महिन्यांचं, अर्धवट झालेलं पाणी?

मी मौलाना साहेबांकडे बाटली घेऊन गेलो. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, म्हणाले, "हा तर सिरकाच आहे." मग विचारलं, "घरात कोणाच्या मनात शक आहे?" मी म्हटलं, अम्मीच्या. म्हणाले, "मग नमाजची जागा साध्या पाण्यानं पुसा. मोरीला आणि संडासाला हे वापरा. तिच्या मनातला शक काढणं तुमच्या बाटलीपेक्षा महत्त्वाचं."

घरी येऊन हे सांगितलं तर अम्मी म्हणाली, "मी दुसरं काय म्हणत होते? साफ करायला तुझं काहीही आण. पाक करायला पाणीच लागतं."

साफ आणि पाक हे दोन शब्द आम्ही घरात रोज वापरतो, पण त्यांच्यातलं अंतर मला तेव्हा नीट दिसलं. लहानपणीची एक गोष्ट आठवली. अंगणात ठेवलेल्या पातेल्यात कुत्र्यानं तोंड घातलं होतं. दादीनं ते सात वेळा धुतलं, त्यातली एक खेप माती लावून. मी साबणाची वडी पुढे केली तर तिनं ती बाजूला ठेवली. माती म्हणजे माती. पाणी नसेल तर तयम्मुमही मातीवरच. ज्या घरात शेवटचा हात नेहमी साध्या पाण्याचा फिरतो, त्या घराला अकरा बाटल्या कशाला लागत होत्या, हे मला सांगता येत नाही. आज चार वस्तू आहेत: सिरका, लिंबूसत, धुण्याचा सोडा, रिठा. कपड्यांचा साबण बाजारातलाच आहे, त्यात मी पडलो नाही.

आणि एक पाचवी वस्तू आहे. वरच्या फळीवर, घट्ट झाकणाच्या डब्यात, ब्लीचिंग पावडर. ती ठेवायचं अम्मीनं ठरवलं, जिचा श्वास तिनंच अडकवला होता. २६ जुलै २००५ चा पूर तिला आठवतो. पाणी ओसरल्यावर घराघरांतला चिखल, मेलेली जनावरं, विहिरीत टाकलेली टीसीएल पावडर. "तेव्हा तुझ्या लिंबानं काय झालं असतं?" काही झालं नसतं. पुराचं पाणी शिरलं, घरात कुणाला जुलाब किंवा कावीळ झाली, तर लिंबू-सिरक्यावर विसंबून राहणं हा मूर्खपणा आहे, तिथे ब्लीचच लागतं. फक्त एकटं, साध्या पाण्यात, खिडकी उघडी ठेवून. आणि हे नैसर्गिकवाल्यांनी नीट ऐकावं: सिरका आणि लिंबूसत हीसुद्धा ॲसिडंच आहेत. ब्लीचमध्ये पडली तर तोच क्लोरीन सुटतो. आमच्याकडे डब्यावर आणि सिरक्याच्या बाटलीवर दोन्हीकडे लाल अक्षरांत लिहिलंय.

आमच्या मोरीचं पाणी मागच्या केळीच्या आळ्यात जातं. बाकीच्या गावाचं गटारातून कुंडलिकेत. वर कोलाडला याच नदीत पर्यटक राफ्टिंग करतात आणि खाली येईतो तिचं नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत असतं. आमच्या अकरा बाटल्या गेल्यानं त्या यादीत काही फरक पडणार नाही, एवढं मला कळतं. पण केळीला कसलं पाणी जातंय हे बादली ओतताना मला माहीत असतं.

यंदा रमजानच्या आधी देग घासायचं काम माझ्याकडे होतं. तांब्याची, दादीच्या लग्नातली. पोटाशी धरून, पाटावर बसून, चिंच आणि मीठ, तासभर. माझ्याही उजव्या अंगठ्याला चीर पडली आणि तिच्यात मीठ गेलं. अम्मी खुर्चीवर बसून बघत होती. शेवटी उठली, देगीच्या काठाखालून बोट फिरवलं, काळं लागलं ते मला दाखवलं आणि म्हणाली, "इथे राहिलंय."