मुका ट्रान्झिस्टर

वडील गेले आणि त्यांचा ट्रान्झिस्टरही मुका झाला. १९५७ साली सुरू झालेली विविध भारती त्यांनी जन्मभर ऐकली. ‘भंगारात द्या,’ दुरुस्तीवाला म्हणाला. आईने संच मुकाट्याने पदराखाली घेतला.

मग अस्मादिकांनी लॅमिंग्टन रोडवरून मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न दिव्याला आणले. बोटे पोळली, सौभाग्यवती हसली. कथील नव्हे, आधी जोड तापवायचा, मग कथील आपसूक वाहते, हे महिन्याने उमगले.

दिवाळीच्या आदल्या रात्री भिंगातून पाहिले: स्पीकरच्या तारेवरच्या डागाला केसाएवढी भेग! नवा डाग दिला. संच खरखरला, गाऊ लागला.

बाहेरून लोकल धडधडत गेली. मी आवाज वाढवू लागलो. आईने हात धरला. ‘राहू दे, त्यांना इतकाच लागायचा.’