उपद्व्यापी घरांचा मुलूख

नांदेडला जाऊन आलो असे सांगितले की ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो, "गुरुद्वाऱ्याचे दर्शन झाले ना?" आणि लातूरचे नाव काढले की हमखास दुसरा प्रश्न येतो, "तिथे आता पाणी आहे का हो?" दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला गोदाकाठी देह ठेवला, तेव्हापासून हे गाव साऱ्या देशाच्या नकाशावर आहे. आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, ही गोष्ट अजून कोणी विसरलेले नाही. पण मी या खेपेस त्या मुलखात गेलो तो तिसऱ्याच कामासाठी. मला तिथली परसदारे आणि गच्च्या पाहायच्या होत्या.

परसदारात काय पाहायचे, असे कोणी म्हणेल. तर तिथे माणसाचे उपद्व्याप दिसतात. कचेरीतून, शाळेतून, दुकानातून घरी आल्यावर जो गृहस्थ चहाचा कप बाजूला ठेवून पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर हाती घेतो, जुन्या पंख्याचे आतडे बाहेर काढून बसतो आणि बायकोची बोलणी खातो, तो मला फार आवडतो. पुण्या-मुंबईस असा माणूस हौस म्हणून रेडिओ जुळवतो, खेळण्यातले विमान करतो. मराठवाड्यात मात्र काय करायचे हे त्याने ठरवायचेच नसते. ते ऊन ठरवते, पाणी ठरवते, वीज ठरवते. घरच त्याला काम सांगते.

नांदेडला पोचलो तेव्हा वैशाख सरत आला होता. सकाळी दहाला रस्ते ओस पडू लागले होते. मे महिन्यात इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर सहज जातो. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते निवृत्त गुरुजी मला म्हणाले, "चला, आमचा कारखाना दाखवतो." कारखाना म्हणजे खिडकीला लावलेला एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम! त्याला तीन बाजूंनी झरोके पाडून आत कूलरचे गवत बसवलेले, तळाशी पाणी, पाणी वर चढवणारी चिमुकली मोटर, आणि चौथ्या बाजूस भंगारवाल्याकडून आणलेला पंखा. खोलीत पाऊल टाकले आणि जिवाला बरे वाटले.

यातले शास्त्र अगदी सोपे आहे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. एका लिटरला सुमारे ५८० किलोकॅलरी. ती उष्णता पाणी हवेतूनच काढून घेते आणि हवा गार होते. माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. मात्र हवा कोरडी हवी. म्हणून नांदेडच्या मे महिन्यात जो ड्रम स्वर्गसुख देतो तोच मुंबईत नेला तर नुसता घाम काढील, आणि श्रावणात नांदेडलाही त्याचा उपयोग नाही.

मला कौतुक वाटले ते दुसऱ्याच दोन गोष्टींचे. ड्रममधल्या पंख्याच्या आणि मोटरीच्या लोखंडापासून एक जाड तार निघून भिंतीतल्या अर्थिंगला गेली होती. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून कूलरला हात लावणारी किती माणसे दर उन्हाळ्यात विजेच्या धक्क्याने जातात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. दुसरी गोष्ट, ड्रमच्या अंगाला एक पारदर्शक नळी उभी लावून तिच्यावर लिटरच्या खुणा केल्या होत्या. शेजारी भिंतीवर खडूने लिहिलेले : काल, ३८.

"ही कशाची नोंद, गुरुजी?"

"पाण्याची. गारवा फुकट मिळत नसतो. अडतीस लिटर म्हणजे दोन माणसांची आंघोळ. आमच्या उशाशी गोदावरी आहे, विष्णुपुरीचा बंधारा आहे, म्हणून चालतंय. पण किती जायलंय ते डोळ्यांना दिसलं पाहिजे."

हे वाक्य मी मनाशी बांधून घेतले. पुढच्या सगळ्या प्रवासात ते माझ्या उपयोगी पडले.

नांदेडहून लातूरचा रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर असा जातो. लोह्याजवळून कंधारला फाटा फुटतो. तिथला भुईकोट किल्ला आणि राष्ट्रकूटांच्या काळातला म्हणून ओळखला जाणारा जगत्तुंगसागर तलाव पाहण्यासारखा आहे. या कोरड्या मुलखात पाणी अडवून ठेवण्याची अक्कल काही कालपरवाची नाही! वाटेत दोहोंकडे काळीभोर, भेगाळलेली जमीन आणि मधून मधून विहिरीवरच्या मोटारींच्या पेट्या. एका चहाच्या टपरीवर थांबलो, तर तिथे या पेट्यांचाच विषय चालला होता.

शेतीची थ्री-फेज वीज आठवड्यात काही दिवस रात्री येते, हे मराठवाड्यातल्या पोरासोरांनाही पाठ असते. अपरात्री उठून, हाती बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून विहिरीपर्यंत जायचे ते केवळ एक बटण दाबायला. यावर लोकांनी तोड काढली. कोणी लाइट येताच मोटर आपोआप सुरू करणारा 'ऑटो' बसवला, तर कोणी घरातून मोबाईलवर मोटर लावण्याची सोय करून घेतली. अलीकडे सौरपंप वाढू लागले आहेत, तरी ऑटोचे राज्य अजून संपलेले नाही.

पण त्याचीही एक खोड आहे. मोटर सुरू होताना, फिरत असतानाच्या पाच-सहा पट विजेचा घोट घेते. शिवारातल्या वीस मोटारी वीज येताक्षणी एकदम जाग्या झाल्या की तो सारा भार एका डीपीवर पडतो आणि डीपी जळते. मग दुसरी येईपर्यंत सगळेच अंधारात! म्हणून वीज कंपनी ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा, असे शेतकऱ्यांना सांगत असते. टपरीवरच्या एका शेतकऱ्याने मला त्यांच्या शिवाराची युक्ती सांगितली. "आम्ही टाइम वाटून घेतलाय, मामा. माझी मोटर लाइट आल्यावर तीन मिनिटांनी लागती, शेजाऱ्याची पाचनं, त्याच्या पलीकडल्याची सातनं. भांडण नाही आन् डीपीबी जळत नाही." ऑटोच्या आतले एक साधे टायमर फिरवून केलेली ही व्यवस्था. त्याहून अवघड काम होते ते सर्वांना एका घोंगडीवर बसवून वेळ वाटून देण्याचे.

लातुरात शिरल्यावर माणूस गंजगोलाईला जातोच. मधोमध गोल बाजार आणि त्यातून चहूकडे फुटलेले सोळा रस्ते. इथल्या गल्ल्यांत हिंडताना २०१६ ची आठवण कोणीही काढतो. मांजरा धरण कोरडे पडले, नळ बंद झाले, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी आली. कृष्णेचे पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून मांजरेच्या गावी आले. दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. लातूरची वस्ती २०११ च्या जनगणनेतच पावणेचार लाखांच्या वर होती. हिशेब करा, माणशी जेमतेम एक तांब्या! पुढे वाघिणी पन्नास झाल्या, तेव्हा एका खेपेला पंचवीस लाख लिटर येऊ लागले.

त्या उन्हाळ्याने लातूरकरांचे हात शिकवले. ज्या घरी मी गेलो तिथल्या काकूंनी न्हाणीघराचे सांडपाणी एका टाकीत घेऊन शौचालयाला जोडले होते. नळजोडणी करणाऱ्याने त्यांना "असं कुठं असतंय का" म्हणून हसून वाटेला लावले होते, म्हणून त्यांनी स्वतःच पाइप कापून, सोल्युशन लावून, उताराचा अंदाज घेत ते काम चार रविवारांत पुरे केले. त्यांच्या दहावीतल्या मुलाने टाकीला घंटी बसवली होती. एक ट्रान्झिस्टर, एक बझर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि टाकीच्या तोंडाशी दोन तारा. पाणी तारांना टेकले की त्यातल्या क्षारांमुळे बारीकसा प्रवाह वाहतो, ट्रान्झिस्टर जागा होतो आणि बझर कोकलतो. पहिल्या तारा तांब्याच्या होत्या. महिन्याभरात हिरव्या पडून बाद झाल्या. मग त्याने आईचे दोन स्टीलचे चमचे पळवले.

"चमचे गेले, पण टाकी कधी ऊतू गेली नाही, दादा," काकू म्हणाल्या. "आता मात्र ह्याच्या हाती पक्कड दिसली की आम्हीच ओरडू लालोय. परीक्षा आलीय ना!"

इथे थोडे थांबावेसे वाटते. 'लातूर पॅटर्न'ने मराठवाड्याच्या पोरांना डॉक्टर-इंजिनिअर होण्याची वाट दाखवली, हे खरे आणि मोठे काम आहे. पण त्या पॅटर्नमध्ये फावला वेळ कुठे बसवायचा? ज्या २०१६ साली पाणीगाडी आली त्याच साली सरकारने सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांतून 'अटल टिंकरिंग लॅब' काढायला सुरुवात केली. यंत्राशी खेळण्यासाठी खास खोली! योजना चांगली आहे. तिला शाळेच्या वेळापत्रकात जागा आणि घरात दोन चमच्यांची मुभा मिळाली, म्हणजे झाले.

काकूंच्या घरची बोअर मात्र पाच वर्षे कोरडी होती. लातूरच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते भेगांतून. एकाने सहाशे फूट खणले की शेजारी आठशे खणतो आणि पहिल्याची आटते. काकूंनी आणखी खोल जाण्याऐवजी गच्चीचे पाणी खाली उतरवले. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर नऊशे लिटरांहून जास्त पाणी होते. लातूरला वर्षाकाठी सरासरी सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एवढ्याशा गच्चीवरून साठ-पासष्ट हजार लिटर. पहिला पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यायचा, नंतरचे पाणी खडी, वाळू आणि कोळशाच्या थरांतून गाळून बोअरमध्ये सोडायचे. दुसऱ्या वर्षापासून त्यांच्या बोअरला पाणी लागले, आणि शेजारच्यांच्याही. शेजारच्यांनी पेढे दिले की नाही, ते विचारले नाही.

शेवटचा दिवस मी किल्लारीसाठी राखून ठेवला होता. लातूरहून औशावरून दीड तासात तिथे पोचता येते. ३० सप्टेंबर १९९३. गणपतीचे विसर्जन करून गाव निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. धक्का ६.२ क्षमतेचा. जगात याहून मोठे धक्के अनेक बसतात आणि इतकी माणसे मरत नाहीत. इथे मारले ते भूकंपाने कमी आणि घरांनी जास्त.

ती घरे कशी होती? गोट्यांच्या दगडांच्या, मातीत रचलेल्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर माळवद. लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार, हिवाळ्यात उबदार. माळवद गळू लागले की घरधनी सवडीने पांढरी माती आणून वर आणखी एक थर चढवी. बापाने चढवला, त्यावर मुलाने चढवला. घरच्या माणसाने घरासाठी फावल्या वेळात प्रेमाने केलेले हे काम. दर थराबरोबर गळती थांबत होती, गारवा वाढत होता आणि छपराचे ओझेही वाढत होते. ओझे मात्र कोणाला दिसत नव्हते. ज्या घरांत माळवद लाकडी खांब-तुळयांवर होते तिथे भिंती पडूनही छप्पर पुष्कळदा तगले. जिथे सारा भार भिंतींवर होता तिथे काही उरले नाही.

गुरुजींच्या ड्रमवरची ती नळी मला इथे आठवली. कूलर पाण्यावर ओझे टाकतो, ऑटो डीपीवर टाकतो, खोल बोअर शेजाऱ्यावर टाकते आणि माळवदाची माती खाली झोपलेल्यांवर. घरातली प्रत्येक सोय आपले ओझे कुठेतरी नेऊन ठेवते. ते कुठे ठेवले हे ज्याला ठाऊक आहे, तोच खरा कारागीर.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. पण त्याहून कितीतरी अधिक गावांत घरे होती तिथेच दुरुस्त करायची होती, आणि ते काम सरकारच्या मदतीने पुष्कळसे घरमालकांनीच केले. माळवदावरची माती उतरवून हलकी केली. भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड मधून मधून बसवले. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरप्या लाकडी टेकण्या ठोकल्या. भिंतींवर सिमेंट-सळईचा पट्टा फिरवला. एकही गोष्ट गावच्या गवंडी-सुताराच्या आवाक्याबाहेरची नव्हती. भूकंपाच्या आदल्या वर्षीही नव्हती.

परतताना एका गावात जुने माळवदाचे घर दिसले. ओसरीवर एक म्हातारेबुवा खाटेची पट्टी विणत बसले होते. मी छपराकडे पाहतो आहे असे दिसताच म्हणाले, "बघा की, बसा आत. माती कमी केलीय, खांबाला टेकण्या दिल्यात. गारवा थोडा कमी झालाय." मग हसून त्यांनी वरच्या तुळईला हात लावला. "पण आता झोप लागतीय."

दिवाळीची साफसफाई आता आपणही काढली असेल. माळ्यावरचा जुना पंखा, बंद पडलेली मोटर, गेल्या वर्षीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा बाहेर आला असेल. भंगारात घालण्याआधी एक रविवार त्यांच्याशी खुशाल झटापट करा. घरच्यांची बोलणी खा. फक्त काम झाल्यावर पाच मिनिटे दूर उभे राहून पाहा, आपण याचे ओझे कोणाच्या डोक्यावर ठेवले आहे?