मागची सीट

१९७६ सालची बुलेट आम्ही जुनी घेतली. आधीच्या मालकाने हौसेने मागची सीट काढून टाकलेली. पत्नी म्हणाली, "म्हणजे तुम्ही बुलेटवर आणि मी एसटीने!" आम्ही खजील झालो.

स्वस्तात भागावे म्हणून मडगार्डवरच सीट बसवायला निघालो. म्हातारे मिस्त्री म्हणाले, "साहेब, पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. ब्रॅकेट चासीलाच घ्या." १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे धरायला मूठ, फूटरेस्ट आणि पदर चाकात जाऊ नये म्हणून साडीगार्डही लावले. त्या महिन्याचा पगार ओढाताणीत गेला.

नंतर आर. सी. बुक उघडले. आसने दोन, असे त्यात पहिल्यापासून लिहिलेले! वाचकहो, आम्ही पत्नीला नवे काही दिले नाही. तिची जागा तिला परत केली, इतकेच.