सालामांकाचा सूर्यास्त

स्पेनमधील सालामांका विद्यापीठाची स्थापना १२१८ सालची. सप्टेंबरमध्ये तेथे शिकावयास गेल्यावर माझा पहिला पाठ मात्र यजमान कुटुंबाच्या स्वयंपाकघरात झाला.

१९४० पासून स्पेन मध्य युरोपची वेळ पाळतो. त्यामुळे सप्टेंबरच्या मध्यास येथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. घरातील जेवण मात्र साडेनऊला. माझा नियम चौविहाराचा. अंडी-बटाट्याची ‘तोर्तिया’ नम्रपणे नाकारणे सोपे होते. पंगतीला न बसणे कठीण, कारण जेवणानंतरच्या निवांत गप्पांना, ‘सोब्रेमेसा’ला, या घरात अन्नाइतकाच मान आहे.

तिसऱ्या दिवशी यजमानीणबाईंनीच तोड काढली. सायंकाळी सहाच्या सुमारास येथे ‘मेरिएन्दा’ नावाचे हलके खाणे होते. त्या वेळी त्यांनी माझे पूर्ण ताट वाढले: जवळच्याच आर्मुन्या भागातील नामांकित मसूर, कांदा, लसूण आणि मांसाचा ‘चोरिसो’ वगळून शिजवलेला. रात्री मी पाण्याचा पेलाही पुढे न घेता त्यांच्यासोबत बसते, ऐकते, अडखळत बोलते. भाषा मला त्याच मेजावर येऊ लागली आहे.

जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळेल. तेव्हा जेवण तासभर अलीकडे आणू, असे बाईंनी आताच ठरवून टाकले आहे.