पाणी दिलेली सुरी

मराठी भाषेने सुरीवर मोठा अन्याय केला आहे. सुरी आली की ती कुणाच्या तरी गळ्यावरच फिरायची. सोन्याची झाली तरी ती उरी मारून घेऊ नये, असा उपदेश व्हायचा. कांदा चिरणारी, गुंतलेला दोर सोडवणारी, चुलीपुरत्या ढलप्या काढून देणारी जी गरीब सुरी, तिच्याबद्दल आमच्या म्हणी मूग गिळून बसल्या आहेत. मी मराठी शिकवते; भाषेशी माझे भांडण सहसा नसते. पण यंदा मला सुरीचे वकीलपत्र घ्यावे लागले.

त्याचे असे झाले. आमच्या कॉलेजात गड-किल्ले हिंडणाऱ्या मुलामुलींचे एक मंडळ आहे. बाईंना चालायची आवड आहे एवढ्या भांडवलावर ते माझ्या गळ्यात पडले. गेल्या पावसाळ्यात एका मुक्कामी एक मुलगा लाकूड तासत होता. त्याचा घडीचा चाकू जोर लागताच मिटला, तो थेट त्याच्या बोटांवर. चार टाके पडले. पालक आले, प्राचार्यांनी बोलावले, आणि सरळ प्रश्न टाकला, "बाई, मुळात सुरी हवीच कशाला?"

मी म्हटले, "सर, २० जणांचा स्वयंपाक दातांनी होत नाही." ते हसले, पण निर्णय कडक निघाला. मंडळाची सुरी एकच असावी, न मिटणारी असावी, बाईंच्या ताब्यात असावी आणि ५०० रुपयांच्या आत बसावी. पुन्हा कुणाला टाके पडले, तर मंडळालाच टाळे.

आता ५०० रुपयांत काय येते ते पाहायला मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेले. ज्यांनी ही आळी पाहिली नाही त्यांना सांगते, खिळ्यापासून साखळदंडापर्यंत लोखंडाचे जेवढे म्हणून अवतार आहेत ते सारे इथे नांदतात. पुढे खेळाच्या सामानाच्या दुकानांतही डोकावले. तिथल्या सुऱ्या पाहून मात्र मी दचकलेच. पाठीला करवतीचे दात, पोकळ मुठीत होकायंत्र, लांबी हातभर! अशा पोकळ मुठीत पात्याचे जेमतेम टोक अडकवलेले असते. एक फटका बसला की मूठ हातात नि पाते झुडपात.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने स्वीडनमधल्या मोरा गावची सुरी आणून दाखवली. सिल्यान सरोवराच्या काठचा हा मुलूख सुऱ्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. १८९१ पासून तिथे कारखानदारीही सुरू झाली. पाते साधारण ४ इंचांचे, मूठ हातात बसणारी, नटवेपणा कुठे नाही. तिकडे ती सुताराची, शेतकऱ्याची रोजची स्वस्त सुरी. समुद्र ओलांडून इकडे येईतो मात्र ती आमच्या ५०० रुपयांच्या पार पलीकडे गेलेली असते. मी ती हातात घेतली, फिरवली आणि मनात म्हटले, ही जर तिकडच्या गावाची साधी सुरी, तर आपल्या गावांची साधी सुरी कुठे आहे?

ती मला राजगडच्या वाटेवर सापडली. नसरापूर फाट्यावरून मार्गासनीकडे वळले की पुण्याचा धूर मागे राहतो. दिवाळीच्या सुमारास इकडचे भात पिवळे झालेले असते, खाचरांत कापणी चाललेली असते आणि गवताला उन्हाचा रंग चढलेला असतो. समोर राजगड. त्याच्या तीन माच्या, पद्मावती, सुवेळा नि संजीवनी, पक्ष्याने पंख पसरावेत तशा पसरलेल्या. वाटेत भेटणाऱ्या दर दुसऱ्या गड्याच्या कमरेला दोरी, दोरीला आकडी, आणि आकडीत कोयती. तिच्याविना तो रानात पाऊल टाकत नाही.

अशाच एकाने मला लोहाराचे घर दाखवले. लोहारबाबा साठीच्या पुढचे. कापणीचे दिवस, तेव्हा विळ्यांचा ढीग पुढ्यात. मी सुरी मागितली, तर त्यांनी किंमत सांगितली नाही. उलट विचारले, "काय काय कापनार हाय त्यानं?"

वाचकहो, सुरी घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच. आमची कामे मी सांगितली. कांदे-बटाटे, दोर, चुलीच्या ढलप्या. "मंग इतभर पातं कशाला? चार बोटं लई झाली." अरण्य तोडायचे नसेल तर ४ ते ५ इंच पाते पुरे, हे मी मोराच्या सुरीवरून ताडलेच होते. कायद्याचीही बाजू आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियम ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांना शस्त्रांत धरतात. घरकामाची नि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत.

बाबांनी मोटारीच्या जुन्या पाट्याचा तुकडा भट्टीत घातला. हे पोलाद चिवट, मोटारीचे ओझे सोसलेले. भाता फुंकला, ठोकून आकार दिला आणि पात्याचे शेपूट मुठीच्या टोकापर्यंत लांब ठेवले. मजबुती सारी तिथे. मग पाते केशरी झाले तसे तेलात बुडवले. याला म्हणतात पाणी देणे. पाणीदार माणूस हा शब्द इथूनच आला असावा असे मला त्या क्षणी वाटून गेले. पण नुसते पाणी दिलेले पाते काचेसारखे ठिसूळ. म्हणून घासून उजळले, पुन्हा हलकी ऊब दिली आणि मधासारखा पिवळा रंग दिसताच थांबवले. धारेवर कानस फिरवली. ती रुतली नाही, घसरली. "जमलं," बाबा म्हणाले.

बाभळीची मूठ धरून ४०० रुपये झाले. उरलेल्या १०० रुपयांत गावच्या चांभाराने जाड कातड्याचे म्यान शिवून दिले. घासाघीस मी केली नाही. मुलगा टेंपो चालवतो. बाबांनंतर भाता कुणी फुंकणार नाही, हे त्यांनी कसलीही तक्रार न करता सांगितले. स्वस्त सुरी म्हणजे कमी प्रतीची सुरी नव्हे. ती करणारा माणूस शेजारी राहतो म्हणून ती स्वस्त. तो गेला की आपल्यालाही समुद्रापलीकडून मागवावी लागेल.

त्या रात्री आम्ही गडाच्या पायथ्याशी गुंजवण्यात मुक्काम केला. सुरीचे नियम मी मुलांना पाठ करायला लावले. कापताना धार अंगाबाहेर. देताना मूठ पुढे. काम संपले की आधी म्यान, मग गप्पा. पाट्याचे पोलाद गंजते, तेव्हा धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचे बोट. एसटीत ती पिशवीच्या तळाशी. आणि शेवटचा नियम, गडाच्या दगडावर किंवा झाडावर तिने एक अक्षरही कोरायचे नाही. २०२५ साली राजगडाचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. तिथे आपले नाव कोरण्याची कुणालाच गरज नाही.

दुसऱ्या दिवशी चोरदरवाजाने चढताना सुरी सॅकच्या तळाशीच राहिली. सहलीत तिने कांदे चिरले, एक दोर कापला, एका मुलीच्या मुरगळलेल्या पायासाठी ओढणी फाडून दिली. टाका कुणालाही पडला नाही. प्राचार्यांना मी अहवाल दिला, आणि पुढच्या सहलीच्या अर्जावर त्यांनी सही केली. मंडळातल्या दोन मुलांनी आपापल्या घरासाठीही बाबांकडे सुऱ्या सांगून ठेवल्या आहेत.